ओट्याचा उतार

वना गवंड्याने बांधलेल्या ओट्यावर पाण्याचा थेंब थांबत नसे, अशी धुळ्यात त्याची ख्याती. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला कडाप्प्याचा लांबलचक ओटाही त्यानेच बसवलेला. पुढे परांचीवरून पडला, पाय अधू झाला, थापी सुटली. आणि सत्त्याऐंशी साली त्याच प्रयोगशाळेत तो रोजंदारीवर काचेची भांडी धुऊ लागला. दैव माणसाला कुठे नेऊन उभं करील, नेम नाही!

तिथे कुसुमलता मॅडम पीएच.डी. करत होत्या. दोंडाईच्याच्या जैन व्यापाऱ्याची लेक. घरी लसूण उंबऱ्याच्या आत येत नसे, आणि बाई इथे दिवसभर लसूणच ठेचत! ओट्यावर काचेच्या चपट्या ताटल्या मांडून त्या जंतूंना पोसणारा गरम आगर ओतत. खरवसासारखा तो थिजला की वर जंतू पसरत आणि मधोमध लसणाच्या रसात भिजवलेली कागदाची टिकली ठेवत. दुसऱ्या दिवशी ताटलीभर जंतूंची साय धरलेली असे. टिकलीभोवती मात्र स्वच्छ कडं. तेवढ्या जागेत रसाने जंतूंना वाढू दिलेलं नसे. कडं जितकं रुंद, तितका रस जहाल. मॅडम ते पट्टीने मोजत.

वनाने पहिल्यांदा ताटली उजेडात धरली तेव्हा त्याच्या अंगावर काटा आला. डोळ्यांना न दिसणारे जीव, आणि त्यांचं मरण पट्टीवर मोजता येतं!

पण कडी गोल येईनात. एकीकडे रुंद, दुसरीकडे अरुंद. सहा महिन्यांचं काम पाण्यात जायची वेळ आली. विभागप्रमुख म्हणाले, "भांड्यांना धुण्याचा सोडा राहतोय. सोमवारपासून या माणसाला बंद करा."

 शनिवारी वनाने एक ताटली डोळ्यांच्या रेषेत धरली. गवंड्याचाच डोळा तो! कडं रुंद होतं तिथे आगराचा थर पातळ होता, अरुंद होतं तिथे जाड. त्याने परीक्षानळीत पाणी भरलं, एक बुडबुडा ठेवून बूच लावलं आणि नळी ओट्यावर आडवी ठेवली. बुडबुडा मोरीपासून दूर पळाला.

हातभर लांबीला दोन सूत, म्हणजे पाव इंच उतार. पाणी मोरीकडे जावं म्हणून त्यानेच दिलेला. आपलेच दात आणि आपलेच ओठ! गप्प राहिलं तर काम जाणार. बोललं तर जन्मभर कमावलेलं नाव, आणि बोलूनही काम राहीलच असं नाही. पण त्या कड्यांपुढे खोटं वागायची त्याला भीतीच वाटली.

"मॅडम, भांडास्मा दोष नही," तो म्हणाला. "हाऊ ओटा मीच बांधेल शे. उतार मीच दिधा. बठ्ठा दोष मना शे."

मॅडमनी नळी उलटी फिरवून पुन्हा ठेवली. बुडबुडा पुन्हा मोरीपासून दूरच गेला. "वनाभाऊ, ओटा असाच बांधतात," त्या म्हणाल्या. "आम्हीच कधी पाहिलं नाही."

वनाने ओट्यावर जाड काच ठेवली, तिच्याखाली कागदाच्या घड्या सारल्या आणि बुडबुडा नळीच्या मधोमध आणून उभा केला. मॅडमनी त्या काचेवर ताटल्या ओतल्या. सोमवारी प्रमुखांनी स्वतः पट्टी लावली. उभी बावीस मिलिमीटर, आडवी बावीस, तिरपी बावीस. ते पट्टी ठेवून निघून गेले. वनाला बंद करायचा विषय पुन्हा निघाला नाही.

मोजून झालेल्या ताटल्यांतले जंतू वाफेच्या मोठ्या कुकरात मारायचं काम वनाचंच. आजवर किती ओव्हरसियरनी त्याचे ओटे तपासले, पण दोन सुतांचा हिशेब त्याच्याकडे कुणीच मागितला नव्हता; तो मागितला या न दिसणाऱ्या जिवांनी. त्या दिवशी झाकण लावण्याआधी त्याने ताटल्यांना हात जोडले.