जुन्या पुस्तकात बसेल एवढा कागद

लातूर जिल्हा झाला आणि वडिलांची बदली नांदेडहून इथल्या नव्या कचेरीत झाली. कचेरीच्या पाटीचा रंग अजून ओला होता, आणि शहराला पाणी टँकरनं मिळत होतं. माझं सगळं शिक्षण नांदेडला, इंग्रजी शाळेत. लातूरला ओळखीचं कोणी नव्हतं. आई म्हणाली, घरात बसून कुढू नकोस, म्हणून मी संध्याकाळी कन्याशाळेच्या मैदानावर मुलींच्या गाइड पथकात मदतीला जाऊ लागले. कवायत, दोराच्या गाठी, प्रथमोपचार, आणि एकेक परीक्षा दिली की बाहीवर शिवायचा कापडी बिल्ला. नांदेडला माझ्याही बाहीवर असे बिल्ले होते. अनोळखी गावात मला नीट येणारी ती एकच गोष्ट होती.

पथक चालवणाऱ्या बाई लवकरच निवृत्त होणार होत्या. त्यांच्यामागे पथक कोणाकडे जाणार हे ठरलेलं नव्हतं. हाताशी आम्ही दोघीच होतो, मी आणि ती. मला ते पथक हवं होतं. इतकं हवं होतं की घरीसुद्धा मी त्याबद्दल बोलत नसे.

ती मूळची उदगीरची, आडत दुकानदाराची मुलगी. शाळेसाठी लातूरला मामाकडे राहिली आणि याच पथकात वाढली. गळ्यात लिंग, कपाळावर विभूतीची बारीक रेघ, आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला सहज पोचणारा आवाज. मुली तिला 'अक्का' म्हणत. मला 'मॅडम' म्हणत. 'अक्का' म्हणताना मुली धावत यायच्या. 'मॅडम' म्हणताना जागेवर उभ्या राहायच्या आणि ओढणी सारखी करायच्या. हे बाकी कोणाच्या लक्षात आलं नसेल. माझ्या रोज यायचं.

अशात वरून एक परिपत्रक आलं. मुलींच्या गाइड पुस्तकात छापलेल्या बिल्ल्यांच्या अटी बदलल्या होत्या, आणि सगळा मजकूर इंग्रजीत होता. बाईंनी तो माझ्या हातात दिला.

"हे तुझं काम. मराठीत कर आणि छापून घे. नवी पुस्तकं काही मिळायची नाहीत. मुलींकडे आहे त्याच पुस्तकाच्या आत बसेल असा कागद पाहिजे. मागच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवायचा. बाहेर डोकावता कामा नये."

तिनं माझ्या खांद्यावरून कागदात बघितलं आणि म्हणाली, "बापरे! मला तर यातलं तारखेशिवाय काय बी कळंना."

त्या दिवशी मी घरी चालत गेले ती जवळजवळ उड्या मारत.

भाषांतर मी मन लावून केलं. पूर्वी एका बिल्ल्यासाठी फुलझाडांचा वाफा राखावा लागे. त्या जागी आता पाण्याबद्दलची अट आली होती. मी लिहिलं, 'घरगुती पाणीवापराचे निरीक्षण करून त्याचे महत्त्व विशद करावे.' बाईंना वाचून दाखवलं तेव्हा ती शेजारीच दोर गुंडाळत बसली होती.

"मॅडम, राग नका मानू," ती म्हणाली. "पण पोरी याला घाबरून पळतील. असं लिवा की, घरात पाणी कोण भरतं ते बघा. एक दिवस त्या माणसाला बसवून ठेवा आणि तुम्ही भरा."

बाई खळखळून हसल्या. "हेच घाल गं. अगदी असंच घाल."

मी घातलं. वाक्य माझ्या वाक्याहून चांगलं होतं हे मला ऐकताक्षणी कळलं होतं, आणि नेमका त्याचाच राग आला. चुकीचं असतं तर मी सहज मान्य केलं असतं.

निदान उरलेलं काम तरी पूर्ण माझं असावं असं वाटलं. म्हणून कागदाचं माप मी कोणालाच विचारलं नाही. नांदेडच्या शाळेत विकत घेतलेलं माझं पुस्तक ट्रंकेतून काढलं, पट्टी ठेवली, लांबी-रुंदी घेतली, शिलाईच्या बाजूला बोटभर जागा सोडली. बाजारातल्या गोलाईजवळच्या छापखान्यात स्वतः जाऊन बसले. खिळे जुळवणाऱ्या काकांना दोनदा ओळी सारख्या करायला लावल्या. मजकूर जास्त होता, तो वरपासून खालपर्यंत दाटून बसवला. छापलेला पहिला कागद सुकल्यावर माझ्या पुस्तकात सरकवला. कडेला कड लागली. कुठे सुताएवढाही बाहेर नाही. मला वाटलं, आता बाईंना दिसेल.

चिकटवायचं काम रविवारी सकाळी ठेवलं. मी डिंकाच्या बाटल्या विकत घेऊन गेले होते. ती स्टोव्ह घेऊन आली होती. शाळेची टाकी कोरडी होती, तेव्हा तिनं प्रत्येक मुलीच्या बाटलीतलं घोटभर पाणी पातेल्यात मागून घेतलं, त्यात मैदा कालवला, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद टाकलं आणि खळ शिजवली. वास सुटला तशा मुली भोवती गोळा झाल्या. "अक्का, मीठ टाकलं का?" "टाकते की, तुला वाढते आधी, ये." डिंकाच्या बाटल्यांचं बूच कोणी उघडलं नाही.

मग मुलींनी पुस्तकं काढली, आणि पहिल्याच पुस्तकात माझा कागद बसला नाही.

दुसऱ्यातही नाही. रुंदीत शिलाईजवळ सोडलेल्या जागेमुळे निभावलं, पण खालून चांगला दोन बोटं बाहेर येत होता. मला वाटलं, छापखान्यात माप चुकलं. मी पिशवीतून माझं पुस्तक काढून त्यात घालून बघितला. त्यात चपखल. मग मी माझं पुस्तक एका मुलीच्या पुस्तकावर ठेवलं. माझं लांबी-रुंदीत मोठं होतं.

"मॅडम, माझं पुस्तक आधी मावशीचं होतं, मंग ताईचं," ती मुलगी म्हणाली, जणू सगळ्यांचीच पुस्तकं तशी असतात.

आणि खरंच सगळ्यांची तशीच होती. या पथकात पुस्तक कोणी विकत घेत नसे. मोठी मुलगी बाहेर पडली की धाकटीला देई. उन्हाळ्यात सगळी पुस्तकं बाइंडरकडे जात. तो ती नव्यानं शिवायचा आणि मळलेल्या कडा मशिनवर छाटून टाकायचा. दरवेळी थोडं थोडं. पुस्तक जितक्या हातांतून गेलेलं, तितकं लहान.

"कागदाला शेपूट फुटलं की, मॅडम!" तिनं कागद हवेत हलवला. मुली हसल्या. मीही हसले. माझे कान तापले होते.

"कापून घेऊ या," मी म्हणाले.

"कापलं तर खालची अट जाती की. पाण्याचीच जाती." ती मांडी घालून खाली बसली. तिनं कागदाची खालची कड वर दुमडली आणि नखानं घडी पक्की केली. "असं करा गं. लांब परकर दुमडून जशी टीप घालतो तसं. ज्याचं पुस्तक बारकं, त्याची टीप मोठी. वाचायचं तवा उलगडायचं."

मैदानभर मुली टीप घालू लागल्या. कोणाची जास्त, कोणाची कमी, यावरून वाद, कोणाचं पुस्तक जास्त जुनं याच्या बढाया. पुस्तक लहान असणं हा एकाएकी मान झाला. बाई कठड्यावर बसून बघत होत्या. त्यांची नजर तिच्यावरून हलत नव्हती. मी खळीचं पातेलं धरून उभी होते, आणि काय ठरलं ते मला त्या नजरेत दिसलं.

सगळे गेल्यावर बाईंनी मला थांबवलं.

"पथक तिच्याकडे देते, बाळ. मनाला लावून घेऊ नकोस."

"नाही हो, बाई."

"छपाई, पत्रव्यवहार मात्र तुझ्याकडेच. तुझ्यासारखं नेटकं कोणाला जमणार?"

मी मान डोलावली. नेटकं हा शब्द मला तेव्हापासून आवडत नाही.

नव्या अटींची पहिली परीक्षा झाली तेव्हा मी पायरीवर बसून निकाल लिहून घेत होते. एका बारक्या मुलीनं पुस्तक उघडलं, घडी उलगडली आणि पाण्याची अट मोठ्यानं वाचली. मग मान वर केली.

"अक्का, घरात पाणी मीच भरते. मग मला कोण बसवणार?"

"मग घागर तुझ्या भावाकडं दे," ती म्हणाली, "आणि तू मस्त बाजंवर बसून त्याला सांग, सांडू नको रे!"

सगळं मैदान हसलं. ती मुलगी तर हसता हसता तिच्या अंगावरच कलंडली. तिनं त्या मुलीला तशीच धरून ठेवलं, कमरेला हात घालून, आणि पुढच्या मुलीला हाक मारली. मी खाली बघून लिहीत राहिले. मला तसं उत्तर सुचलं नसतं. सुचलं असतं तरी माझ्या अंगावर कोणी कलंडलं नसतं.

घरी येऊन मी ट्रंकेतलं पुस्तक काढलं. त्या कागदांपैकी एक मी त्या रविवारीच घरी येऊन त्यात चिकटवला होता, डिंकानं. तो अजून आहे. कडेला कड लागून बसलाय, कुठेही दुमडलेला नाही. पुस्तकही तेवढंच आहे, जेवढं विकत घेतलं तेव्हा होतं.