आत्याचं दुसरं वाढणं

आमच्या आत्याने जन्मात कुणाला एकदाच वाढलं नाही. कळवणला तिच्या घरी पंगतीला बसलात की ताटावर हात आडवा धरा, नाहीतर पोट फुटल्याचं नाटक करा, दुसऱ्यांदा भात पडणारच. "एकदाच वाढू नाय माणसाला," हे तिचं ठरलेलं. पप्पा चिडायचे. "आक्का, जीव घेशील एखाद्या दिवशी!" ती हसायची आणि त्यांच्या आडव्या हातावरच भात सोडायची.

पप्पांना ब्लड कॅन्सर झाला तेव्हा स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, जुळल्या त्या या थोरल्या बहिणीच्याच. दोन्ही हातांना नळ्या लावून ती दिवसभर पडून होती आणि नर्सला विचारत होती, "पुरतंय ना? का अजून घेता?" ट्रान्सप्लांटनंतर पप्पांचा रक्तगट बदलून तिचा झाला. "आता माझ्यासारखा हट्टी व्हशील," ती म्हणाली. "तेवढं सोडून बाकी सगळं चालेल," पप्पा म्हणाले.

दीडेक वर्षाने आजार परतला. डॉक्टरांनी वाटा सांगितल्या. आधी केमो आणि गोळ्यांनी आजार दाबायचा, मग आत्याच्याच लढाऊ पांढऱ्या पेशी पप्पांना चढवायच्या. शरीराने साथ दिली तर पुढे दुसरं ट्रान्सप्लांट. नाहीतर हे सगळं थांबवून फक्त त्रास कमी करत राहायचं. खात्री कशाचीच नव्हती.

"आक्काला कळता कामा नये," पप्पा घरी येताच म्हणाले. "तिला वाटेल, आपलंच रक्त खोटं निघालं. गावही तेच म्हणेल." त्यांना मरणापेक्षा त्याचीच भीती जास्त होती. गोळ्यांनी आजार थोडा दबला, पण तो किती दिवस दबून राहील हे डॉक्टरही सांगेनात. "दात्याचं काय ठरलं?" ते प्रत्येक वेळी विचारायचे आणि पप्पा खिडकीबाहेर बघायचे. माझा धीर सुटला. मी त्यांना न विचारता कळवणला फोन लावला. सगळं ऐकून आत्या "उद्या येते" एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती सकाळच्या एसटीने आली. हातात नेहमीचा डबा नव्हता. पप्पांनी तोंड फिरवलं, तशी ती पलंगावर टेकली.

"एकदाच वाढलं व्हतं ना रे मी? मग पुरंल कसं?"

पप्पा लहान पोरासारखे रडले.

पेशी चढवल्या आणि वाट बघणं सुरू झालं. त्या आजारावर तुटून पडतील की पप्पांवरच, कुणालाच माहीत नव्हतं. अंगावर पुरळ उठलं की पेशी पप्पांवरच उलटल्या म्हणून आम्ही घाबरायचो आणि नाही उठलं तर त्या कामालाच लागल्या नाहीत म्हणून घाबरायचो. आत्या मात्र रोज विचारायची, "अजून पायजे का?"

पप्पा सावरले. मागच्या हिवाळ्यात आत्याच गेली, झोपेत, कुणाला काही करू न देता. दर तपासणीच्या आधी मी फोन हातात घेते आणि परत ठेवते. आजार पुन्हा परतला तर आता कुणाला फोन करायचा? माझ्या पेशी अर्ध्या जुळतील, असं डॉक्टर म्हणतात. मला मात्र स्वतःचा तेवढा भरवसा वाटत नाही. अजून तरी पप्पांच्या रक्तात सगळ्या पेशी तिच्याच आहेत.

पप्पा हल्ली ताटावर हात आडवा धरत नाहीत. मी एकदा वाढून पातेलं खाली ठेवलं, तर ताट पुढे सरकवतात.

"आक्काला वाढ," म्हणतात.