भाऊजी कोड सांगायचे तेव्हा

काम अडलं की भाऊजी लॅपटॉप वरच्या खोलीत तसाच ठेवून खाली यायचे आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायचे. "वहिनी, जरा ऐका. समजलं न्हाई तरी चालतंय," म्हणायचे आणि सगळं कोड मला साध्या बोलीत सांगायचे. मी चौथी शिकलेली. भाकरी थापत हुं हुं करायची. सांगता सांगता त्यांची चूक त्यांनाच सापडायची आणि ते जिना चढून पळायचे. त्यांच्या धंद्यात ही रीतच आहे म्हणे. ऐकायला कुणी नसलं तर लोक टेबलावर रबरी बदक ठेवतात आणि त्याला सांगतात. सासूबाई म्हणायच्या, "तिकडं बदक, हितं माझी सून!"

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. पुण्याच्या एका कंपनीचं काम ते राणीसावरगावात आमच्या घरी बसून करायचे. घरबसल्या फोनवरून दवाखान्यात नंबर लावायचं अ‍ॅप ते लिहायचे.

सकाळी चहाबरोबर ते बातम्या सांगायचे, गावच्या नव्हे, त्यांच्या धंद्याच्या. कुठल्या कंपनीनं माणसं काढली, कुणी कोड लिहिणारं नवं एआय आणलं. पहिल्यांदा ते लय खूश होते. "वहिनी, दिवसभराचं काम घंट्यात करायलंय ते!" त्यांच्या कंपनीनंही सगळ्यांना ते वापरायला सांगितलं. मग अडलं की भाऊजी त्यालाच विचारू लागले. खाली यायचे ते फक्त जेवायला.

"का रे, वहिनीशी भांडलास का?" सासूबाईंनी विचारलं.

"न्हाई आई. ते मशीन उत्तर बी देतंय."

मला जरा लागलं. पण खोटं नव्हतं.

एका सकाळी त्यांचा चहा तसाच राहिला. या वेळची बातमी त्यांच्याच कंपनीची होती. बरीच माणसं कमी करणार होते आणि शुक्रवारी एकेकाशी फोनवर बोलणार होते. भाऊजींना वाटलं, आपलं काम विचारतील, नीट सांगता आलं तर ठेवतील. ते उंबऱ्यावर येऊन बसले. "दोघांला एकच नंबर जाऊ नये म्हणून हितं..." एवढं बोलून थांबले. "वहिनी, हे असं का लिहिलंय, मलाच सांगता येईना. मशीननं लिहिलं, मी नुसतं हो म्हणलो."

मी त्यांच्याकडे पाट सरकवला. "वाचून या. मग सांगा. मी हायच हितं."

शुक्रवारपर्यंत तेच चाललं. वर जायचे, वाचायचे, खाली येऊन सांगायचे. जे सांगता येईना ते पुसून स्वतः लिहायचे.

शुक्रवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून वर गेले. मी चहा ठेवला. तो उकळायच्या आत ते खाली आले.

"कुणी काही विचारलंच न्हाई, वहिनी. एक बाई होती. तिनं आधीच लिहून ठेवलेलं वाचून दाखवलं. नोकरी गेली."

सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. भाऊजी जमिनीकडे बघत बसले. इतकं ऐकलं, पण मी त्यांना उलटून कधी काही विचारलं नव्हतं. धीर करून म्हटलं, "भाऊजी, दोघी जणी एकाच टायमाला नंबर लावायल्या, तर आधी कुणाचा घेता?"

त्यांनी वर पाहिलं.

"हेच विचारतील म्हणून बसलो होतो," ते म्हणाले. मग बाह्या वर सारून त्यांनी पहिल्यापासून सांगायला घेतलं.