टँकरच्या रांगेतल्या नोट्स

आमच्या लॉ कॉलेजात आधी नोट्स म्हणजे क्रांती चौकातली झेरॉक्स. कुण्या हुशार मुलीची वही वर्षानुवर्षं फिरायची, तिच्या चुकांसकट. मग सगळ्यांकडे फोन आले आणि आम्ही वर्गाचा ऑनलाइन ग्रुप काढला. एकेकानं एकेक प्रकरण घ्यायचं, नोट्स काढून टाकायच्या आणि बाकीच्यांनी अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळं व्हायचं. वारसा हक्काचं प्रकरण माझ्याकडे आलं. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरात आजोबांपासून कारकुनी. सुबक अक्षर एवढाच काय तो आमचा वारसा. माझ्या नोट्सचं कौतुक व्हायचं आणि ते मला आवडायचं.

एका मैत्रिणीला मात्र त्यांचा काडीचा उपयोग नव्हता. ती शेंद्र्याच्या पलीकडच्या एका खेड्यातून यायची. घरची मेंढरं, थोडी खडकाळ जमीन. पावसानं दुसऱ्या वर्षीही दगा दिलेला. आमच्याकडे निदान ड्रम भरून ठेवता यायचे. तिच्या गावात टँकर कधी येईल त्याचा नेम नसायचा, त्यामुळे तिचं कॉलेज बुडायचं. नोट्सचे फोटो तिच्या फोनवर उघडत नसत.

"तुझं अक्षर लई भारी असंल, पर मला नुसतं ते गोल फिरताना दिसतंय," ती म्हणाली.

मग मी नोट्स वाचून, आवाज रेकॉर्ड करून टाकायला लागले. रांगेत हंडा ठेवून ती ते ऐकायची.

इअरफोन बिघडला तसा तिनं स्पीकर लावला. मला याचा पत्ताच नव्हता. रांगेतल्या बायाही ऐकायला लागल्या. पोटगीचं प्रकरण त्यांना फार आवडलं म्हणे. मग एका सकाळी, वडिलांच्या जमिनीत मुलीचाही मुलाइतकाच वाटा असतो, हे माझं वाक्य त्यांच्या कानावर पडलं. एकीनं ते पुन्हा लावायला सांगितलं. लग्न झालेलीलाही? नवरा वारलेलीलाही?

"व्हय, समद्यांनाच," मैत्रीण म्हणाली. तेव्हा सगळ्या जणी तिच्या आत्याकडे बघायला लागल्या.

आत्या तरुणपणीच नवरा गेल्यानं माहेरी आलेली. मैत्रिणीला तिनंच वाढवलेलं. कारखाने गावाकडे सरकले तसा त्यांच्या खडकाळ रानाला भाव आला होता आणि मैत्रिणीचे वडील ते विकायच्या बेतात होते. संध्याकाळी भाकरी वाढताना आत्यानं भावाला एवढंच विचारलं, "दादा, त्यात माझंबी काई निघतं का?"

घरात भडका उडाला. शिकून पोरगी आपलंच घर फोडणार असेल तर परीक्षेला बसायची गरज नाही, असं म्हणून वडिलांनी तिचा फोन काढून घेतला. शेजारणीच्या फोनवरून तिनं हे सगळं मला सांगितलं. शेवटचं वर्ष होतं. एवढी वर्षं टँकर आणि बस यांच्यात ओढाताण करून ती इथवर आली होती. मला तिच्या वडिलांचा संताप आला. खोटं कशाला बोलू, आत्याचाही आला. परीक्षा होईपर्यंत थांबली असती तर काय बिघडलं असतं? त्या नोट्स परीक्षेपुरत्या आहेत, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. त्या कुणी खऱ्या मानेल, हे मला सुचलंच नव्हतं.

पहिल्या पेपरला ती आली. वडिलांनीच मोटारसायकलवर आणून सोडलं. मला इतका आनंद झाला की मी तिचा हात धरून हलवतच राहिले. त्यांना कसं काय पटवलंस, असं विचारलं.

"आत्यानं हक्कसोड लिहून दिलं," ती म्हणाली. "म्हनली, मला वाटा नगं, पोरीला पेपर देऊ दे. कालच सई करून आली."

तेवढ्यात घंटा झाली आणि आम्ही आत गेलो. वारसा हक्काचा प्रश्न आलाच होता. मला तो तोंडपाठ होता, पण लिहवेना. मी पर्यायातला दुसरा लिहिला. ती मात्र खाली मान घालून पुरवण्या मागत होती.

ती पास झाली. वडिलांनी फोन परत दिला, गावात पेढेही वाटले. ग्रुपवर फुलं, टाळ्या, नाचणारी चित्रं यांची नुसती गर्दी उडाली. त्यात तिचा मेसेज आला. सही करून दिलेलं हक्कसोड मागं घेता येतं का, याच्या नोट्स कुणाकडं हायेत का?

कुणाकडेच नव्हत्या. आम्ही ते प्रकरण कुणाला वाटूनच दिलं नव्हतं. थोड्या वेळानं पुन्हा फुलं सुरू झाली. माझी पुस्तकं रद्दीत द्यायला बांधून ठेवलेली होती. मी गठ्ठ्याची दोरी कापली आणि वाचायला बसले.