मूळचं बरं होतं

आमच्या मामंजींना कुठलीही गोष्ट एकटी बघताच येत नसे. ती समोर आली की ते तिच्या आधीची गोष्ट शोधायला निघत. कोपऱ्यावरच्या इराण्याचा मुलगा बापाच्या जागी गल्ल्यावर बसला, तेव्हा मामंजींनी चहाचा एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "मूळचं बरं होतं." यंदाचा गणपती गेल्या वर्षीच्या गणपतीशी, आजचे बोंबील परवाच्या बोंबलांशी, नवा पोस्टमन जुन्या पोस्टमनशी, असं त्यांचं सारखं चाललेलं असे. गिरगावातल्या आमच्या चाळीनं त्यांना 'मूळपुरुष' असं नाव ठेवलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं आणि बहुधा आवडतही होतं.

मी त्या घरात दुसरेपणावर आले होते. पहिली सून विमल विषमज्वरानं गेली. तिचा फोटो बाहेरच्या खोलीत, मामंजींच्या टेबलासमोरच्या भिंतीवर होता. लग्नाआधी दादरच्या आमच्या घरी आईनं बजावलं होतं की तुलना होणारच, ऐकून घे, उलट बोलू नकोस. मी तयारीनंच आले होते. माझ्या हातच्या पहिल्या आमटीचा मामंजींनी भुरका मारला तेव्हा मी कान टवकारले. पण ते काही बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, पुढेही कधी नाही. इराण्याच्या चहाला नावं ठेवणारा माणूस माझ्या आमटीवर गप्प राहतो, याचा मला धसकाच बसला. वाटे, निकाल केव्हाच लागलाय, फक्त मला सांगत नाहीत.

माझगावच्या गोदीतली कारकुनी संपल्यावर मामंजी एका साप्ताहिकात नाटकांची परीक्षणं लिहीत. त्यांची एक रीत होती. लिहून झालेला मजकूर स्वतः पुन्हा वाचायचा नाही, घरातल्या माणसाकडून मोठ्यानं वाचून घ्यायचा. "डोळ्यांना आपलं सगळंच आवडतं, कान तेवढे लाडावलेले नसतात," असं ते म्हणत. हे वाचनाचं काम विमलचं होतं. ती गेल्यावर माझे यजमान वाचू लागले. मी आतल्या खोलीत तांदूळ निवडत ऐकत असे. मला मात्र त्यांनी कधी बोलावलं नाही, आणि त्याचाही मी मनात हिशेब मांडून ठेवला होता.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. नाक्यावर पोलिसांची गाडी उभी असायची, ट्राम कधी बंद पडेल याचा भरवसा नव्हता, संध्याकाळची संचारबंदी तर अंगवळणी पडली होती. मामंजींनी स्वतः मोर्च्यात खांद्यावर लाठी खाल्ली होती. माझे यजमान सत्याग्रहाच्या तुकडीतून पकडले गेले आणि तुरुंगात गेले. घरात मामंजी, मी आणि भिंतीवरची विमल, एवढेच उरलो. आम्ही दोघं जेवताना आमटी-भातापलीकडे बोलत नसू.

नेमक्या त्याच आठवड्यात 'लोखंडी व्याही' आलं. लालबागच्या गिरणी कामगारांच्या मंडळींनी आधी 'लोखंडी जावई' नावाचं एक नाटक केलं होतं. परळचा एक प्राध्यापक गिरणीतल्या मोडक्या यंत्रांपासून चालता-बोलता माणूस बनवतो आणि आपल्या मुलीचं, मंदाचं, त्याच्याशी लग्न ठरवतो. जावई कुणाला नाही म्हणत नाही, हुंडा मागत नाही, पण पुरणपोळीला हात लावत नाही म्हणून सासूबाई रुसतात. लोक हसून हसून खुर्च्यांवरून घसरत. 'लोखंडी व्याही' हा त्याचा पुढचा भाग. आता या जावयानं स्वतःसाठी एक लोखंडी बाप तयार केला होता आणि तो मानपानासाठी अडून बसला होता. पहिल्या नाटकात मंदाचं काम करणारी नटी लग्न होऊन इंदूरला गेली होती. तिच्या जागी लालबागचीच एक नवी मुलगी उभी होती.

संचारबंदीमुळे प्रयोग दुपारी होता. मुलगा आत असल्यानं मामंजी मला सोबत घेऊन गेले. पहिला अंक बरा चालला. दुसऱ्या अंकात नवी मंदा आली आणि मागच्या रांगांतून कुणीतरी ओरडलं, "जुनी मंदा आणा." मग सगळी मागची बाजूच ओरडू लागली. ती मुलगी पदराचं टोक मुठीत धरून आपली वाक्यं म्हणत राहिली. मी तिच्यावरची नजर काढली नाही. तिसऱ्या अंकात तर लोखंडी व्याही मानपान विसरला आणि मुंबई कुणाची यावर भाषण करू लागला. टाळ्यांचा कडकडाट झाला. मामंजींनी चळवळीसाठी लाठी खाल्लेली असूनही त्यांचे हात मांडीवरून हलले नाहीत. ते आमच्याच रांगेत बसलेल्या, चाळीतल्या बंडू दळवीनं नीट पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दारात हजर. बंडू चाळीतल्या स्वयंसेवकांचा पुढारी, आवाज कायम चढा. त्या दिवशी मात्र तो हळू बोलला आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"नाना, तुमचा पोरगा आत आहे. या नाटकाला वाकडं लिहिलंत तर पोरं ऐकायची नाहीत. आधीच सांगून ठेवतो."

मामंजींनी त्याला बसायला सांगितलं. तो बसला नाही. तेव्हा ते म्हणाले, "बंडू, नाटक पडलं म्हणून चळवळ पडत नाही. पण पडलेल्या नाटकाला मी उभं आहे म्हणालो, तर उद्या मी खरं सांगेन तेही कोण ऐकेल?"

बंडू बाहेर गेला आणि आणखी तिघा-चौघांना घेऊन आमच्या दारासमोर गॅलरीच्या कठड्याला टेकून उभा राहिला. छापखान्याचा माणूस दुपारी मजकूर न्यायला यायचा होता. मामंजी लिहीत होते. टाकाचा आवाज थांबला, तशी त्यांनी हाक मारली, "सूनबाई, जरा इकडे ये. वाचून दाखव."

मी हात पुसत बाहेर आले. त्यांनी कागद पुढे केले आणि डोळे मिटले. समोर विमलचा फोटो, दाराबाहेर बंडूची माणसं, आणि माझ्या हातात मामंजींचं बारीक अक्षर. मी वाचू लागले. पहिल्या नाटकातला जावई लोखंडाचा असून माणसासारखा वागला म्हणून आपण हसलो, या नाटकात लोखंडी माणूस फक्त भाषणं करतो, आणि भाषणं ऐकायला आपल्याकडे चौपाटी आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. बाहेर कुणीतरी शिवी हासडली. मी वाचत राहिले. पुढचं वाक्य आलं: "नवी मंदा रंगमंचावर आली की पहिलीची उणीव तेवढी भासते."

मी तिथेच थांबले. मामंजींनी डोळे न उघडता "हं, पुढे" म्हटलं.

"मामंजी, हे वाक्य काढा."

त्यांनी डोळे उघडले. लग्न झाल्यापासून मी त्यांना असं काही म्हणाले नव्हते. पण आता तोंडातून निघून गेलं होतं. मी म्हणाले, "नाटक मुळाशी खुशाल ताडून बघा. लिहिणाऱ्यानंच त्याला पुढचा भाग म्हटलंय. पण ही मुलगी कुणाचा पुढचा भाग म्हणून आलेली नाही. ती तिचं काम करायला आलीये."

मामंजींनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांची नजर भिंतीवर गेली.

"विमलनं मला कधी वाक्य काढायला सांगितलं नाही," ते म्हणाले.

इतके दिवस ज्या तुलनेची वाट बघत होते, ती ही अशी आली. मी कागद टेबलावर ठेवले आणि आत जायला वळले.

"थांब. ती प्रत्येक वाक्याला छान म्हणायची. म्हणून माझी कितीतरी वाक्यं उरली, जी जायला हवी होती." त्यांनी टाक उचलला, ते वाक्य आडवी रेघ मारून खोडलं आणि वर लिहिलं: "मंदाचं काम करणारी मुलगी गोंगाटात एकही शब्द न चुकता उभी राहिली. तिला पुन्हा बघायला मी जाईन." मग कागद माझ्या हातात देत म्हणाले, "आता सुरुवातीपासून वाच. आणि जरा मोठ्यानं, बाहेरच्यांनाही ऐकू जाऊ दे."

मी वाचलं, अगदी मोठ्यानं. मला आजही वाटतं की त्या घरात मी खरी आले ती त्या दिवशी.

अंक निघाला त्या सकाळी आमच्या दाराच्या कडीला काळं फडकं बांधलेलं होतं. मी सोडायला गेले तर मामंजी म्हणाले, राहू दे, आपल्या दाराला असलं काही पहिल्यांदाच लागतंय, याला मूळ नाही. आठवडाभर चाळीत आमच्याशी कुणी धड बोललं नाही. नंतर तिसऱ्या अंकातलं भाषण मंडळींनी आपणहून कमी केल्याचं कळलं, आणि मामंजी मला घेऊन ते नाटक पुन्हा बघायला गेले. यजमान सुटून आले तेव्हा त्यांनी नेहमीप्रमाणे परीक्षणाचे कागद हातात घेतले. मामंजी म्हणाले, "ते तुझं काम राहिलं नाही आता."

राज्य झालं त्या दिवशी बंडू पेढे घेऊन आला. त्यानं मुद्दाम विचारलं, काय नाना, मूळचं बरं होतं की काय? मामंजींनी पेढा तोंडात टाकला आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. माझ्या आमटीसारखंच पेढ्याबद्दलही ते काही बोलले नाहीत, हे मी बंडूला नंतर दाखवून दिलं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. शेवटी शेवटी ते बहुतेक झोपूनच असत. एका दुपारी त्यांनी डोळे उघडले आणि मला म्हणाले, "विमल, पाणी दे."

मी पाणी दिलं. दोन घोट घेतल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी माझा हात धरला, नजर खाली वळवली आणि पुटपुटले, "सूनबाई, ते खोड."

"राहू द्या, मामंजी," मी म्हणाले. "हे वाक्य बरं आहे."