रेडिओबाईंचा गप्प तास

विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना मुलं मागून ‘रेडिओ’ म्हणत, आणि त्यात खोटं काय होतं? प्रश्न बाईच विचारायच्या, उत्तर बाईच द्यायच्या, वर "शाब्बास!" असंही स्वतःलाच म्हणून घ्यायच्या. मजा म्हणजे शिक्षकांच्या बैठकीत याच बाई तावातावाने सांगत, "शिक्षकाने कमी बोलावं हो! मुलांना बोलतं करावं!" हे सांगताना इतर कोणाला तोंड उघडू देत नसत, ती गोष्ट वेगळी.

यंदा मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, त्यांना म्हणाल्या, "मग एकदा करूनच दाखवा. मी तास बघायला येते. जमलं तर पुढच्या वर्षीही दहावीचा वर्ग तुमच्याकडे, नाहीतर नव्या सरांकडे."

दहावी म्हणजे रेडिओबाईंचा जीव की प्राण! ती गेली तर शाळेत यायचं तरी कशाला?

घरी नवऱ्यापुढे रडगाणं सुरू झालं. "प्रश्न विचारून मला गप्पच बसवत नाही हो! काय करू, सांगा ना! जाऊ दे, तुम्हाला काय सुचणार म्हणा!"

"प्रश्न विचारलास की घोटभर पाणी तोंडात धर," नवरा म्हणाला, "आणि गिळू नकोस." एवढं बोलणं त्याला संसारात क्वचितच पुरं करायला मिळालं होतं.

तासाला मोठ्या बाई मागच्या बाकावर येऊन बसल्या. बाईंनी ग्लासात बर्फाचा खडा टाकला, "बर्फ पाण्यावर का तरंगतो?" असं विचारलं आणि बाटली तोंडाला लावली.

वर्ग बाईंकडे बघतोय, बाई वर्गाकडे. गाल फुगलेले, डोळे वटारलेले. मुलं पेन सरसावून तयार, कारण आता उत्तर येणार आणि ते उतरवून घ्यायचं. पण उत्तर काही येईना.

"बाईंचा दात दुखतोय वाटतं," पहिल्या बाकावर कुजबुज झाली. आता आजारी बाईंना सांभाळून घ्यायलाच हवं, म्हणून मॉनिटर उठला. "हलका असतो म्हणून तरंगतो."

"हलका कसला?" खिडकीजवळची मुलगी बोलली. ही पोरगी वर्षभर हजेरीपलीकडे एक शब्द बोलली नव्हती. "एवढासा खिळा या खड्याहून हलका. मग तो का बुडतो?"

झालं! वर्गात एकच गलका उडाला. कोणी म्हणे खिळा टोकदार असतो, कोणी म्हणे बर्फात हवा असते. उत्तर बाईंच्या जिभेवर नुसतं नाचत होतं. त्यांचे डोळे पाणावले, पण तोंडातलं पाणी काही त्यांनी गिळलं नाही.

"मला असं वाटतं," ती मुलगी सांगू लागली, "की पाणी जेव्हा..."

"अगं, घनता! घनता कमी असते बर्फाची!" मागून मोठ्या बाई ओरडल्या. त्यांना काही दम निघाला नाही. मुलांनी हुश्श करून भराभर ‘घनता’ लिहून घेतलं.

"मग, कसा वाटला तास?" मोठ्या बाईंनी मुलांना विचारलं.

मॉनिटर अदबीने उभा राहिला. "बाईंना आज बरं नाहीये, रागावू नका. एरवी फार छान शिकवतात. आम्हाला विचार करायची वेळच येऊ देत नाहीत!" सगळ्या वर्गाने माना डोलावल्या.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोठ्या बाईंचा चेहरा मात्र खुलला. "बघा, किती खूश आहेत मुलं! दहावी तुमचीच हो," असं म्हणून त्या निघूनही गेल्या.

बाईंनी एकदाचं पाणी गिळलं. दहावी मिळाली होती, पण आनंद म्हणून झाला नाही. लाज वाटली. पोरं टोमणा मारत नव्हती, अगदी मनापासून कौतुक करत होती, हेच त्यांना फार लागलं.

घंटा झाली, वर्ग रिकामा झाला. खिडकीजवळची ती मुलगी दप्तर घेऊन तिथेच घुटमळत होती.

"बाई, माझं बोलणं अर्धंच राहिलं."

‘अगं, उत्तर कळलं ना आता?’ असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"म्हणजे, ते चुकीचंच असेल," मुलगी घाईघाईने म्हणाली.

बाई तिच्या बाकावर बसल्या, सरकून तिला जागा करून दिली. "सांग," म्हणाल्या, आणि गप्प राहिल्या.