ववशात गेलेलं बियाणं

आमच्याकडं भाताच्या दाण्याला दोनच नावं. पेरायचं ते बी, खायचं ते तांदूळ. ‘वाण’ म्हटलं की संक्रांतीचं वाण, बायका ववशात एकमेकींना देतात ते. दुसरा अर्थ कुणाच्या स्वप्नातही नव्हता. तो भोरहून आला, एका शेतकीच्या साहेबाबरोबर, आणि त्यानं मला थेट मुंबईला पोचवलं.

दुसरी मोठी लढाई अजून पेटायची होती. आमचं गाव हिर्डोशीच्या पुढं, घाटाकडच्या अंगाला. साहेबानं चावडीपुढं पिशवी उघडली आणि म्हणाला, “हा वाण हळवा आहे. पाऊस लवकर गेला तरी दाणा भरतो. मात्र दुसऱ्या भातात मिसळू नका.” म्हातारी माणसं हसली. हळवं भात म्हणजे लवकर पिकणारं, आणि लवकर पिकलं की पेंढा तोकडा. मग गुरं खाणार काय आणि घर शाकारायचं कशानं? वडील तर पिशवीकडं न बघताच उठले. मी मात्र ती घेतली. मला तेव्हा कुठंच चैन पडत नसे. थोरला भाऊ मुंबईला गोदीत होता आणि वडिलांचं एकच टुमणं, तूही जा, एवढ्याशा वावरात दोघांचं कसं भागायचं. मला जायचं नव्हतं. मला ही खाचरं सोडून झोप आली नसती, आणि वडिलांना ते पटवायला माझ्याकडं काही नव्हतं. ती पिशवी तेवढी होती.

वडिलांनी बांधाकडचा एक तुकडा दिला, तोही कुरकुरत. त्या सालात मी किती वेळा त्या तुकड्यावर गेलो असेन देव जाणे. जेवता जेवता उठायचो. आई म्हणायची, “आरं, तुझ्या बघण्यानं का लोंब्या भरणार हायती?” पण त्या साली पाऊस खरंच दगा देऊन गेला. सगळ्यांचं गरवं, उशिरा पिकणारं भात ऐन दाणा भरताना वाळलं, झोडपलं तर निम्मं पळिंज, नुसती पोकळ टरफलं निघाली. माझा तुकडा मात्र आधीच कापून झाला होता आणि दाणा टपोरा होता. एक टोपलं भरलं. मी ते शेणानं लिंपून घेतलं, वर कडुनिंबाचा पाला घातला आणि आईपुढं ठेवलं.

“आये, हे नवं वाण हाय. नीट ठीव.”

साहेबाचा शब्द माझ्या तोंडात बसला होता ना. त्याचा तो ‘हा वाण’, माझ्या तोंडी ‘हे वाण’ झालं. आईचा चेहरा फुलला. मला वाटलं, पोराचं कौतुक.

वडील टोपल्याकडं बघून म्हणाले, “एका सालानं काय ठरत न्हाई. फुडल्या साली दोन खाचरं पेर, तुझ्याच बियाण्यावर. आलं तर ऱ्हा हितं. बी पुरलं न्हाई, उगवलं न्हाई, काय बी झालं, तर भावाकडं जायाचं. मंग कुरकुर चालायची न्हाई.” मी हो म्हणालो. दोन खाचरांना ते टोपलं पुरत होतं, थोडं उरलंही असतं.

संक्रांतीला मी गुरांमागं रानात होतो. आमच्याकडं त्या दिवशी सवाष्णी सुगडात धान्य, बोरं, हरभरा भरून देवळात जातात आणि एकमेकींना ववसा देतात. परत आलो तर टोपलं अंगणात पालथं, धुऊन वाळत घातलेलं. आत काही नाही. आई देवळातून आलेली, कपाळभर हळदीकुंकू, आणि सांगत काय होती, तर यंदा आपला ववसा साऱ्या गावात उजवा झाला, एकेकीला पसा पसा नवं धान्य दिलं, पोरानं खास वाणाला म्हणून पिकवलं.

मी ओरडलो. काय काय बोललो ते आता लिहवत नाही. “आये, ते बी हुतं! माझं बी!” तिला कळेचना. “तूच म्हणलास की वाण हाय म्हणून. वाण घरात ठिवत्यात व्हय? लुटायचं असतं ते.” मग हळूहळू कळलं आणि ती जात्यापाशी जाऊन बसली. मी टोपलं उचललं आणि निघालो दारोदार मागायला. वडिलांनी उंबऱ्यात अडवलं.

“ववसा मागं मागत्यात? गावात तोंड दाखवायला जागा ठिवशील का न्हाई?”

त्यांचं खरं होतं, म्हणून तर जास्त आग झाली. ववशातलं धान्य कुणी खातही नाही. पेरणीच्या बियाण्यात टाकतात, शुभ म्हणून. म्हणजे मिसळू नका म्हटलेलं बी आता गावातल्या प्रत्येक कणगीत मिसळणार होतं.

पेरणीच्या आधी मी गेलो. भोरपर्यंत पायी, तिथून सर्व्हिस मोटार, पुढं आगगाडी. गोदीत भावाबरोबर पोती वाहिली. पोत्यातून तांदूळ सांडला की खाली वाकून हातात घेऊन बघायचो, आणि भाऊ शिव्या द्यायचा. पाऊस सुरू झाला तेव्हा तर जीव नुसता वरखाली. आत्ता रोपांसाठी राबावर पेरलं असेल, आत्ता लावणी. माझं काहीच नव्हतं त्यात, तरी.

दसऱ्याला रजा काढून आलो. हिर्डोशी सोडली, आमची खाचरं दिसायला लागली आणि मी बांधावरच थांबलो. सगळीकडं गरवं भात हिरवंगार उभं, आणि मध्ये मध्ये खुडल्यासारखी भोकं. नुसती काडी, वर लोंबी नाही. एका वावरात नव्हे, सगळ्यांच्या वावरात. मला वाटलं पाखरं पडली.

घरात चुलीवर, धुरात, लोंब्यांच्या जुड्या टांगल्या होत्या. पिवळ्या, टपोऱ्या. माझं भात ओळखायला मला वेळ लागला नाही. मी आईकडं बघितलं.

“मी न्हाई बाबा,” ती म्हणाली. “तुझं आबा.”

मग तिनं सांगितलं. हिरव्या भातात ह्या लोंब्या आधी पिवळ्या पडल्या, लांबून ओळखू यायच्या. वडील रोज सकाळी टोपली घेऊन निघत. ज्या माणसानं जन्मात कुणाकडं विळा मागितला नाही, तो प्रत्येकाच्या बांधावर उभा राहून म्हणत असे, पाखरं खातीलच, त्यापरीस मला खुडू द्या. लोक हसले. पोराला धाडलं म्हमईला आन् आता लोंब्या येचतोय, असं तोंडावर बोलले. ते ऐकून घेत, खुडत, पुढच्या बांधावर जात.

वडील आत आले. मी पाया पडलो तेव्हा त्यांची बोटं बघितली, पात्यांनी चिरलेली, चिरांत हळद भरलेली. ते माझ्याकडं न बघता चुलीपाशी बसले.

“म्हमईला परत जायाचं हाय का?”

“न्हाई.”

“मंग दोन खाचरं पेर.” त्यांनी वर टांगलेल्या जुड्यांकडं बोट केलं. “आन् ह्या बारीला बी म्हण त्येला. वाण म्हणू नगंस.”